टक्के किती पडले, आणि ते कुणाच्या हिशोबाने?

आमच्या फॅमिली ग्रुपवर मध्यंतरी मामेभावाने न्यूजर्सीहून त्याच्या मुलाचं रिपोर्ट कार्ड टाकलं. जीपीए ४.३. खाली नेहमीप्रमाणे अंगठे, केक, "अभिनंदन बाळा" वगैरे सुरू झालं आणि मग आमच्या बाबांचा मेसेज, "हे कितीपैकी?" भाऊ म्हणाला चारपैकी. बाबा रिटायर्ड बँकवाले, त्यांनी कॅल्क्युलेटर काढला असणार कारण लगेच उत्तर आलं, "म्हणजे १०७.५ टक्के झाले. बॅलन्स जुळत नाही."

ग्रुपवर सगळे हसले पण मी जरा कमीच हसले, कारण गेलं वर्षभर मी याच भानगडीत डोकं घालून बसलेय. भाची बारावीला होती आणि तिला बाहेर अप्लाय करायचं होतं, ताई आणि भाऊजी दोघं नोकरीवाले त्यामुळे फॉर्म, कागद, मेलामेली सगळं मावशीच्या गळ्यात, आणि त्यातच माझा मुलगा दहावी होऊन अकरावीच्या ऑनलाइन ॲडमिशनमध्ये अडकलेला. म्हणजे एका खोलीत कॅप राउंडची कटऑफ चालू आणि दुसऱ्या खोलीत "तुमच्या शाळेचं ग्रेडिंग स्केल कोणतं" हा प्रश्न. दोन्हीकडे मला एकच गोष्ट दिसली. मार्कशीटवरच्या आकड्याला स्वतःचा असा काही अर्थ नसतो, तो कोणी दिला, कसा दिला, आणि तेवढाच अजून किती जणांना दिला हे कळल्याशिवाय त्याचं काहीच होत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं तरी आपल्याकडे सगळा कारभार माहीत नसल्यासारखा चालतो.

आधी ते ४.३ सोडवू. अमेरिकेत ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी २, डी १. सगळे ए मिळाले की ४. पण एपी किंवा ऑनर्स असा अवघड कोर्स घेतला तर बऱ्याच शाळा त्याला अर्धा किंवा एक पॉइंट वरून देतात, म्हणजे एपी कॅल्क्युलसमधला ए हा पाच धरला जातो, याला म्हणतात वेटेड जीपीए. काही शाळा हे वेट देतच नाहीत. काहींचं स्केलच पाचचं, काही शंभरपैकी मार्क देतात, आणि ए कुठे सुरू होतो तेसुद्धा एक नाही, एका शाळेत ९० ला ए तर शेजारच्या गावात ९३ ला. तिकडे आपल्यासारखं बोर्डच नाही ना, वीस हजारांहून जास्त हायस्कूलं आणि प्रत्येक हायस्कूल म्हणजे जणू एक बोर्ड. मग कॉलेजवाले या सगळ्या पोरांना एका रांगेत लावतात तरी कसे, हा मला पडलेला पहिला प्रश्न, आणि उत्तर असं की बरीचशी कॉलेजं नुसत्या आकड्यावरून तशी लावतच नाहीत.

आमच्या पिढीने रिक्षाचं जुनं मीटर बघितलंय. मीटरवर जो आकडा पडायचा तो भाड्याचा नसायचाच, रिक्षावाला कुठूनतरी मळकं टॅरिफ कार्ड काढायचा आणि त्यात बघून पैसे सांगायचा. जीपीए हे ते मीटर. आणि कार्ड म्हणजे स्कूल प्रोफाइल नावाचा एक-दोन पानांचा कागद, जो शाळेचा काउन्सिलर ट्रान्सक्रिप्टबरोबर प्रत्येक कॉलेजला पाठवतो. त्यात काय असतं तर शाळेत किती मुलं, कोणकोणते एपी कोर्स उपलब्ध आहेत, ए कितीला मिळतो, जीपीए वेटेड आहे की नाही, वर्गात मार्कांची विभागणी कशी आहे, मागच्या बॅचची मुलं कुठे गेली. यामुळे होतं काय की ज्या शाळेत दोनच एपी आहेत तिथल्या मुलीने दोन्ही घेतले तर तिने मिळत होतं ते सगळं घेतलं असं वाचलं जातं, आणि वीस एपी असलेल्या शाळेत कोणी दोनच घेतले तर भुवया वर जातात. मोठ्या कॉलेजांमध्ये ॲडमिशन ऑफिसरला एरिया वाटून दिलेले असतात, त्यामुळे त्याच त्याच शाळांचे अर्ज वर्षानुवर्षं एकाच माणसाकडे, त्याला पाठ होतं कुठल्या शाळेत ए स्वस्त आहे आणि कुठे महाग.

काही जण मात्र सरळ स्वतःचंच गणित करतात. कॅलिफोर्नियाची यूसी सिस्टीम, म्हणजे बर्कली, लॉस एंजलिस वगैरे, ते शाळेने दिलेला जीपीए बाजूला ठेवतात आणि त्यांच्या यादीतल्या विषयांचे फक्त दहावी-अकरावीचे ग्रेड घेऊन नव्याने मोजतात. प्लस मायनस पुसून टाकायचे, ए मायनस हा पण एच. अवघड कोर्सचे जादा पॉइंट जास्तीत जास्त आठ सेमिस्टरचे. आणि कॅलिफोर्नियाबाहेरचा मुलगा असेल तर त्याच्या शाळेच्या ऑनर्सला जादा काही नाही, एपी किंवा आयबी असेल तरच. म्हणजे आमच्या भावाच्या पोराचा ४.३ तिकडे गेल्यावर ४.३ राहीलच असं नाही, हे मी त्याला सांगितलं तर त्याचा चेहरा पडला, मला वाटलं इतकी वर्षं तिथे राहतोय म्हणजे माहीत असेल.

आणि टेक्सासने तर आकड्याचा विषयच संपवला. १९९७ मध्ये त्यांनी कायदा केला की राज्यातल्या कुठल्याही हायस्कूलमध्ये पहिल्या दहा टक्क्यांत असाल तर सरकारी युनिव्हर्सिटीत ॲडमिशन पक्की. ह्यूस्टनची श्रीमंत शाळा असो की मेक्सिकोच्या बॉर्डरवरची, तुमच्या शाळेत तुमचा नंबर कितवा एवढंच सांगा. नंतर ऑस्टिनच्या मेन कॅम्पसला एवढी गर्दी झाली की तिथे दहाचे सहा टक्के झाले, २०२६ पासून पाच. वाईट साइड पण आहे, चांगल्या शाळेत बाराव्या टक्क्यावर असलेल्या पोराचे आईबाप चिडतात, काही लोक मुद्दाम साध्या शाळेत मुलं घालतात असंही बोललं जातं. पण निदान प्रश्न बरोबर विचारलाय असं मला वाटतं. किती मार्क, असं नाही विचारलं. कुणाकुणात, असं विचारलं.

आता हे वाचून ज्यांची मुलं २००८ च्या आसपास मुंबईत दहावीला होती त्यांच्या पोटात गोळा आला असेल, कारण आपण पण साधारण हेच करायला गेलो होतो.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. त्या काळी एसएससीची पोरं विरुद्ध आयसीएसई-सीबीएसईची पोरं असा जोरदार वाद होता. रुईया, रुपारेल, झेवियर्सच्या मेरिट लिस्टमध्ये दुसऱ्या बोर्डांची मुलं वर आणि आमची खाली, त्यांना मार्क सढळ हाताने मिळतात, अशी एसएससीवाल्यांची ओरड. (दुसऱ्या बाजूचं म्हणणं की आमचा सिलॅबस दुप्पट, त्याचं काय. तेही खोटं नव्हतं.) मग २००८ ला राज्य सरकारने पर्सेंटाइलचा फॉर्म्युला आणला, म्हणजे प्रत्येक मुलाचे मार्क त्याच्याच बोर्डातल्या वरच्या मुलांच्या तुलनेत बघायचे आणि मग सगळ्यांची एक लिस्ट लावायची. हायकोर्टात गेलं, रद्द झालं. २००९ ला सरकार म्हणालं ठीक आहे, मग ९०:१० कोटा, नव्वद टक्के जागा एसएससीला आणि दहा टक्के बाकीच्यांना. तेही हायकोर्टात रद्द. २०१० ला बेस्ट फाइव्ह, म्हणजे एसएससीच्या मुलाचे सहापैकी चांगले पाच विषय धरायचे. हायकोर्टाने तेही रद्द केलं आणि मग सुप्रीम कोर्टाने ते परत उभं केलं, आणि आज आपण जे "बेस्ट फाइव्हचे टक्के" म्हणतो ते तिथून आलंय. तीन वर्षं तीन फॉर्म्युले, आणि प्रत्येक वर्षी जुलै उजाडला तरी पोरं घरात.

माझं मत विचाराल तर तिन्हींत कल्पना म्हणून पहिलीच बरी होती, घाईघाईत आणली हा भाग वेगळा. ९०:१० मध्ये तर मार्क वाचायचा प्रयत्नच नाही, नुसती भिंत घातली. बेस्ट फाइव्हने एसएससीच्या टक्क्यांना वर उचललं, पण ते कुणाच्या तुलनेत किती उचलायचे याचा त्यात काही हिशोबच नाही. पण बेस्ट फाइव्ह सगळ्यांना आवडलं कारण घरी बसून पाच मिनिटात आपले टक्के वाढलेले दिसतात. पर्सेंटाइल म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी गडबड केली, पोराला पडले ९१ आणि कागदावर भलतंच काही.

आणि गंमत म्हणजे त्याच सुमाराला सीबीएसईने दहावीचे मार्कच काढून टाकले. २०१० पासून ग्रेड. ९१ ते १०० ए वन म्हणजे १० पॉइंट, ८१ ते ९० ए टू म्हणजे ९, असं खाली खाली. सगळ्याची सरासरी सीजीपीए. छान, मुलांवरचं टेन्शन कमी. पण अकरावीला ॲडमिशन टक्क्यांवर, मग सीजीपीएचे टक्के कसे करायचे, तर बोर्डाने सांगितलं की ९.५ ने गुणा. हे साडेनऊ कुठून आलं याच्यावर लोकांनी काय काय थिअऱ्या मांडल्यात पण कारण साधं आहे, आधीच्या वर्षांत ९१ ते १०० मध्ये असलेल्या मुलांच्या मार्कांची सरासरी साधारण ९५ येत होती, ती भागिले दहा. म्हणजे एका खणातल्या सगळ्या मुलांना त्या खणाची सरासरी वाटून टाकली. परिणाम काय तर सगळ्या विषयांत ९१ असलेला पण ९५ टक्के आणि सगळ्यात ९९ असलेली पण ९५ टक्के. आणि दहापैकी दहा मिळवूनही ९५ च्या वर जायची सोयच नाही. तिकडे आपल्या एसएससीला चित्रकला, खेळ, शास्त्रीय नृत्य-गायन यांचे वाढीव मार्क धरून शंभर टक्के शक्य. इंटरमिजिएट ड्रॉइंगची ए ग्रेड असेल तर सात मार्क वर. २०२४ ला राज्यात १८७ पोरांना शंभर टक्के पडले, त्यातली १२३ एकट्या लातूर विभागातली. मी त्या पोरांच्या मेहनतीला काही म्हणत नाहीये, लातूरवाले अभ्यास करतात म्हणजे करतात, पण १०० आणि ९५ हे दोन आकडे एका लिस्टमध्ये ठेवले तर त्यातून नक्की कशाची तुलना होते सांगा. सीबीएसईची ती ग्रेडवाली व्यवस्था २०१७ पर्यंत चालली, २०१८ पासून परत बोर्डाची परीक्षा आणि परत मार्क.

एकाच बोर्डात सुद्धा आकडा स्थिर नसतो हो. एसएससीचंच बघा. २०१८ ला राज्याचा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ ला ७७.१० टक्के. मुलं एका वर्षात ढ झाली का? नाही, भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेच्या हातातले वीस मार्क काढून टाकले होते. ओरड झाली, पुढच्या वर्षी ते परत आणले, २०२० चा निकाल ९५.३०. आणि २०२१ ला कोविडमुळे परीक्षाच नाही, शाळांनी दिलेल्या मार्कांवर ९९.९५. त्या वर्षी सरकारने अकरावीसाठी वेगळी सीईटी घ्यायचं ठरवलं होतं, सगळ्या बोर्डांना एकच पेपर, तर ती १० ऑगस्टला हायकोर्टाने रद्द केली आणि शेवटी त्याच मार्कांवर ॲडमिशन झाल्या. म्हणजे २०१९ ला ८५ टक्के मिळवलेली मुलगी आणि २०२१ ला ८५ मिळवलेली मुलगी, दोघींच्या मार्कशीटवर आकडा एकच. पाच वर्षांनी कुठल्या एचआरने बघितलं तर त्याला काय कळणार आहे.

सीबीएसईला आणि बाकी बोर्डांना मॉडरेशन नावाचा अजून एक प्रकार, पेपर अवघड गेला किंवा दोन सेटमध्ये फरक पडला की सगळ्यांचे मार्क थोडे वर सरकवायचे. २०१७ च्या एप्रिलमध्ये सीबीएसई आणि बऱ्याच बोर्डांनी मिळून हे बंद करायचं ठरवलं आणि मेमध्ये दिल्ली हायकोर्ट म्हणालं की परीक्षा झाल्यावर नियम बदलू नका. बरोबरच होतं ते. पण तोवर सगळ्या देशाला कळलं होतं की मार्क म्हणजे पेपर तपासणाऱ्याने लिहिलेला आकडा नसतो, मधे बरंच शिजवलेलं असतं.

हे सगळं पर्सेंटाइलने सुटतं का तर तसंही नाही. २०१३ ते २०१६ जेईई मेनमध्ये बारावीच्या मार्कांना ४० टक्के वजन होतं, आणि त्यासाठी बोर्डाचे मार्क नॉर्मलाइझ करायचे. तुम्ही तुमच्या बोर्डात वरून कितव्या टक्क्यावर आहात ते काढायचं, मग जेईईमध्ये तेवढ्या टक्क्यावर असलेल्याला किती मार्क आहेत ते बघायचं, एकदा तुमच्या बोर्डाच्या मुलांमध्ये आणि एकदा देशभरात, आणि दोन्हींची सरासरी तुमच्या नावावर. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात सगळ्या बोर्डांचे निकाल येईपर्यंत थांबायचं, आणि ९२ टक्के असलेल्या मुलाला आपल्या ९२ चे नक्की किती झाले हे कोणी समजावून सांगू शकत नव्हतं. २०१७ पासून ते वजनच काढलं, आता फक्त ७५ टक्के किंवा तुमच्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये आहात का एवढं बघतात. दिल्ली युनिव्हर्सिटीने तर बोर्डाचे टक्के जसेच्या तसे घ्यायचा हट्ट अगदी शेवटपर्यंत धरला आणि २०२१ ला हिंदू कॉलेजात पॉलिटिकल सायन्सची कटऑफ १०० टक्क्यांवर गेली. पॉलिटिकल सायन्सची! पुढच्या वर्षी सीयूईटी आली, म्हणजे सगळ्या बोर्डांच्या मुलांना एकच प्रवेश परीक्षा.

बरं, आता भाचीकडे येते. ती पुण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजला, एचएससी सायन्स. कॉलेज कसलं, इंटिग्रेटेड. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, मूल जातं क्लासला, कॉलेजात फक्त प्रॅक्टिकल आणि परीक्षेला, अकरावी हे वर्ष तर महाराष्ट्रात कोणी वर्ष म्हणून धरतच नाही. दहावी झाली, दमलीस, जरा जेईईचं बघ, अकरावीचे मार्क कोण विचारतो. तर अमेरिकेचं कॉलेज विचारतं. त्यांना नववी ते बारावी चारही वर्षं हवीत, आणि त्यातही अर्ज डिसेंबर-जानेवारीत जातो तेव्हा बारावीचा निकाल नसतो, म्हणजे त्यांच्यासमोर सगळ्यात ताजं काय, तर अकरावी. दहावीला ९४, अकरावीला ६२. इथे बसलेल्या कुठल्याही माणसाला या दोन आकड्यांत काही विशेष दिसणार नाही, हे असंच असतं. तिकडच्या माणसाला दिसणार की मुलगी घसरली, घरी काही झालं का.

मग आम्ही कॉलेजच्या ऑफिसात गेलो. ट्रान्सक्रिप्ट पाहिजे म्हटलं. क्लार्क काका म्हणाले मार्कशीटची ट्रू कॉपी देतो. म्हटलं नाही, चार वर्षांचे सगळ्या विषयांचे मार्क एका कागदावर आणि तुमच्या लेटरहेडवर. ते म्हणाले नववी-दहावी आमच्याकडे नव्हतीच, ते शाळेकडे मागा. शाळा म्हणाली मुलगी आमच्याकडून एलसी घेऊन गेलीये, आता आम्ही कसं देणार. आणि प्रेडिक्टेड ग्रेड म्हटल्यावर तर काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पेपर फोडायला आलेय. "मॅडम, निकाल बोर्ड लावतं. आम्ही आधी कसा सांगणार?" त्यांचंही काय चुकलं, आपल्या पद्धतीत वर्गशिक्षकाने निकाल आधी सांगणं हे कुठे बसतच नाही.

यात अजून एक प्रकार. ओळखीपाळखीत प्रत्येकजण सांगतो की टक्क्यांना २५ ने भागलं की जीपीए निघतो, ८५ असतील तर ३.४. अजिबात करू नका. शंभराचे चार करायला २५ ने भागलं हे गणित म्हणून ठीक आहे, पण तिकडे ८५ म्हणजे बी आणि एचएससी सायन्सला ८५ वाली मुलगी वर्गात पहिल्या काही जणांत असू शकते, ते भागाकारात कुठे दिसलं? कॉमन ॲप, म्हणजे बऱ्याच अमेरिकन कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, त्याच्या फॉर्मवर शंभरचं स्केल निवडता येतं, आहेत ते मार्क तसेच लिहायचे. कन्व्हर्ट करायचं की नाही ते त्यांचं काम, आणि भारताच्या फाइली वाचणाऱ्या माणसाला आपली बोर्डं माहीत असतात.

इंग्लंडवाले वेगळे, ते गोष्टी वेळेत आणि लेखी सांगतात, पण बोर्डाबोर्डात सरळ भेद करतात. केंब्रिजचंच घ्या, सीबीएसई असेल तर पाच विषयांत ए वन, आयएससी (आयसीएसईवाल्यांची बारावी) असेल तर पाच विषयांत ९०, आणि स्टेट बोर्ड असेल तर ९५. भाची वाचून म्हणाली, "मावशी, आपल्यालाच पाच जास्त?" मला पण पहिल्यांदा राग आला. पण मग विचार केला की त्यांनी सगळी स्टेट बोर्डं एका पोत्यात भरलीयेत, आणि त्या पोत्यात आंध्र-तेलंगणाची इंटरमीडिएट पण आहे जिथे हजारात ९८० च्या वर मार्क घेणारी भरपूर मुलं असतात. त्यांच्यासाठी ९५ बरोबर असेल, महाराष्ट्राच्या सायन्सवाल्याला ते डोंगर. बाकी बऱ्याच ब्रिटिश युनिव्हर्सिट्या पण स्टेट बोर्डाला चार-पाच टक्के जास्तच मागतात. आणि सीबीएसईचा बारावीचा ए वन हा पण ठरावीक मार्कांवर नसतो बरं का, त्या विषयात पास झालेल्यांपैकी वरच्या एक अष्टमांशाला ए वन, म्हणजे तो मुळातच रँक आहे. केंब्रिजने सीबीएसईला रँक विचारला आणि आपल्याला आकडा, असा तो प्रकार आहे.

जर्मनीचं सगळ्यात मजेशीर. पुण्यात तर घराघरात कोणीतरी मॅक्सम्युलर भवनला जर्मन शिकतंय. माझ्या मैत्रिणीच्या मुलाने सांगितलं की तिकडे ग्रेड उलटे, १ सगळ्यात भारी, ४ ला काठावर पास. आणि बाहेरचे मार्क त्यात बसवायला एक फॉर्म्युला आहे, मॉडिफाइड बव्हेरियन म्हणतात. जास्तीत जास्त मार्कांतून आपले मार्क वजा करायचे, त्याला जास्तीत जास्त वजा पासिंग याने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. एचएससीला ८० टक्के धरा. शंभर वजा ८० म्हणजे २०, शंभर वजा ३५ म्हणजे ६५, वीस भागिले पासष्ट गुणिले तीन अधिक एक, उत्तर १.९२. आता तेच ८० सीबीएसईचे असतील तर पासिंग ३३, उत्तर १.९०. आणि पासिंग ४० असतं तर बरोब्बर २. म्हणजे ज्या बोर्डात पास होणं सोपं त्याच्या मुलाचा जर्मन ग्रेड चांगला! बोर्ड किती मार्क वाटतं, कितीजणांना नव्वद पडतात, यातलं काहीच त्या फॉर्म्युल्याला माहीत नाही, त्याला फक्त दोन टोकं माहीत. मी ते दोनदा करून पाहिलं, आपलंच काही चुकतंय का म्हणून. अर्थात नुसत्या बारावीवर तिकडे थेट बॅचलर्सला घेत नाहीतच, इथे एक वर्ष कॉलेज करा, नाहीतर जेईई ॲडव्हान्स्ड पास व्हा, नाहीतर तिकडचं श्टुडियनकोलेग नावाचं तयारीचं वर्ष करा. आणि आता एपीएसचं, म्हणजे आपली कागदपत्रं खरी आहेत हे तपासल्याचं, सर्टिफिकेटही लागतं.

शेवटी आम्ही काय केलं ते सांगते, कोणाला उपयोग झाला तर होईल. ते स्कूल प्रोफाइल आपल्या कॉलेजांकडे नसतं, तर भाचीनेच ते टाइप केलं. एक पान. एचएससी बोर्ड म्हणजे काय, पासिंग ३५, प्रॅक्टिकलचे मार्क किती, अकरावीची परीक्षा बोर्डाची नसून कॉलेजची असते, सायन्सला २४० मुलं, मागच्या वर्षी बारावीला त्यातली ९० च्या वर किती, ८० च्या वर किती, ७५ च्या वर किती. हे आकडे कॉलेजकडे होतेच, निकालानंतर नोटीस बोर्डावर लावतात की. खाली तिने एक प्रामाणिक वाक्य टाकलं होतं की अकरावीत बहुतेक विद्यार्थी प्रवेश परीक्षांच्या क्लासमध्ये व्यस्त असल्यामुळे त्या वर्षीचे गुण साधारणपणे कमी असतात.

प्राचार्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. आकड्यांना हात लावला नाही. ते वाक्य मात्र पेनने खोडलं आणि वर लिहिलं, "अकरावीचे मूल्यमापन आमच्या महाविद्यालयात अत्यंत कठोर असते." मग सही, गोल शिक्का, आणि ऑफिसातून आउटवर्ड नंबर घालून आणा म्हणाले. काकांनी रजिस्टर उघडून नंबर घातला, ४१७.

फेब्रुवारीत एका कॉलेजचा मेल आला. अर्ज नीट मिळाला, प्रोफाइलबद्दल आभार, फक्त एक शंका आहे, वर्गात २४० विद्यार्थी लिहिलेत, तर हिचा रँक ४१७ कसा?